वकिलाविरुद्ध तक्रार: खर्च किती, वेळ किती आणि हाती काय?

वकीलसाहेबांनी फी घेतली, वकीलपत्रावर सही घेतली आणि वर्षभर ‘पुढची तारीख पडली’ एवढेच सांगितले. मग कोणीतरी कोर्टात चौकशी केली, तर दावा दाखलच झालेला नाही. अशी फसवणूक झाली की पक्षकाराच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात: ‘याची सनदच घालवतो’ आणि ‘माझे पैसे परत पाहिजेत’. या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी मिळतात. त्यांचा खर्च वेगळा, मुदत वेगळी आणि लागणारे पुरावेही काही अंशी वेगळे. हे आधी समजले नाही, तर वर्ष-दोन वर्षे चुकीच्या दारात उभे राहण्यात जातात.

एक दार आता बंद झाले आहे, ते प्रथम सांगायला हवे. वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी तसा निकाल दिला. मूळ वाद छोटा होता. चेक न वटल्याच्या प्रकरणात एका पक्षकाराने वकील केला. समोरच्याने वीस हजारांची रक्कम आणि खर्चाचे पाच हजार देऊ केले. वकिलाने ते पैसे आपल्याकडेच ठेवून फीचे पाच हजार रोख मागितले, अशी तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाने २००७ साली वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येते असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. वकिलाचे काम पक्षकाराच्या सूचनेने आणि नियंत्रणाखाली चालते, म्हणून तो वैयक्तिक सेवेचा करार ठरतो आणि असा करार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, असे न्यायालयाने म्हटले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कच लागत नाही, त्यामुळे सामान्य माणसाचा स्वस्त मार्ग गेला हे खरे. तरीही वकील कायद्याच्या वर गेलेला नाही. गैरवर्तनासाठी बार कौन्सिल, नुकसानीसाठी दिवाणी न्यायालय आणि अफरातफरीसाठी पोलीस ठाणे ही तीन दारे उघडी आहेत.

कोणत्या दारात काय मिळते?

बार कौन्सिल, म्हणजे वकील परिषद, वकिलाला शिक्षा करते. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ तिला चार प्रकारचे आदेश देण्याचा अधिकार देते: तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करणे, किंवा वकिलाचे नाव नोंदवहीतून कायमचे काढून टाकणे. ‘फी परत करा’ किंवा ‘नुकसानभरपाई द्या’ असा आदेश या यादीत नाही. कार्यवाहीचा खर्च कोणी सोसायचा, एवढे मात्र शिस्तपालन समिती कलम ४३खाली ठरवू शकते.

पैसे हवे असतील तर दिवाणी दावा. वकील आहे एवढ्याच कारणाने निष्काळजीपणाच्या दाव्यातून कोणाची सुटका होत नाही, हे १९२६च्या वकील फी अधिनियमातच लिहिले आहे. २०२४च्या निकालानेही साध्या न्यायालयाचा हा मार्ग खुला ठेवला.

तुमच्या नावाने आलेली रक्कम वकिलाने खिशात घातली, खोटा आदेश दाखवला किंवा खोटी सही केली, तर ते गुन्ह्याचे प्रकरण. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ विश्वासघाताचे आणि ३१८ फसवणुकीचे. मुखत्यार किंवा एजंट या नात्याने हाती आलेल्या मालमत्तेचा अपहार झाला, तर ३१६च्या पाचव्या पोटकलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

तिन्ही मार्ग एकाच वेळी वापरता येतात. एका ठिकाणचा निकाल लागेपर्यंत दुसरीकडे थांबण्याची सक्ती नाही, आणि थांबूही नये. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. बार कौन्सिलची तक्रार चालू असली म्हणून ती मुदत वाढत नाही.

तक्रार बसते का?

केस हरली म्हणून तक्रार बसत नाही. सल्ला चुकला म्हणूनही सहसा बसत नाही. महाराष्ट्र बार कौन्सिलकडून वर गेलेल्या खांडेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात हा भेद स्पष्ट केला: चुकीचा सल्ला वेगळा आणि अनुचित सल्ला वेगळा. नुसत्या निष्काळजीपणाला नैतिक खोटेपणाची जोड नसेल, तर ते व्यावसायिक गैरवर्तन होत नाही. शिवाय ही कार्यवाही जवळजवळ फौजदारी स्वरूपाची मानली जाते. म्हणून पुरावा भक्कम लागतो आणि संशयाचा फायदा वकिलाला मिळतो.

तक्रारीला आधार देणाऱ्या गोष्टी अशा:

- तुमच्या वतीने आलेली रक्कम न देणे, तिचा हिशेब न देणे.
- दावा दाखल न करता दाखल केल्याचे सांगणे, खोट्या तारखा देणे.
- तुम्हाला न विचारता तडजोड करणे किंवा दावा काढून घेणे.
- त्याच प्रकरणात तुमची बाजू सोडून समोरच्याचे वकीलपत्र घेणे.
- मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी मागणे. अपघाताच्या भरपाईत टक्क्यांनी फी ठरवणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये तेलंगणातल्या एका विधवेच्या प्रकरणात सांगितले.
- वादातली मालमत्ता स्वतःच विकत घेणे.
- फी बाकी आहे म्हणून कागदपत्रे अडवून ठेवणे.
- पुरेसे कारण आणि वाजवी पूर्वसूचना न देता केस सोडणे आणि न कमावलेली फी परत न करणे.

फी जास्त होती, एवढी एकच तक्रार टिकत नाही. फी वकिलाच्या अनुभवाला आणि कामाच्या स्वरूपाला साजेशी असावी, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम म्हणतात. कमाल आकडा ते ठरवत नाहीत.

तुमच्या विरोधकाच्या वकिलाबद्दल राग असेल तर दहादा विचार करा. तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकील नाते असणे ही सर्वसाधारणपणे पहिली अट आहे.

पहिला टप्पा: शून्य रुपये

तक्रार लिहिण्याआधी तुमच्या केसची खरी अवस्था पाहा. ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर पक्षकाराचे नाव, केस क्रमांक किंवा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की दाखल झाल्याची तारीख, प्रत्येक तारखेला काय घडले आणि पुढची तारीख कोणती, हे दिसते. बरेचसे आदेश तेथूनच उतरवून घेता येतात. याला पैसा लागत नाही. आपला वकील कोणत्या तारखेला गैरहजर होता, हे त्याला न विचारता कळते.

दुसरी तपासणी सनदेची. वकिलाचा नोंदणी क्रमांक वकीलपत्रावर असतो. महाराष्ट्रात नोंदलेल्या वकिलाचा क्रमांक सहसा ‘एमएएच’ या इंग्रजी आद्याक्षरांनी सुरू होतो आणि शेवटी नोंदणीचे वर्ष असते. तो बार कौन्सिलकडे पडताळून घ्या. सनदच नसलेला माणूस वकिली करत असेल, तर विषय शिस्तपालनाचा राहत नाही. तो अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५खालचा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसरे काम कागद गोळा करण्याचे. फीच्या पावत्या, यूपीआयचे आणि बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपवरचे संदेश, वकीलपत्राची प्रत, कोर्टाचे आदेश हे सारे तारखेच्या क्रमाने लावा. संदेशांचे फोटो काढून ठेवा, पण मूळ फोनमधून काही पुसू नका. रोख दिलेल्या रकमेची पावती नसेल, तर त्या दिवशी बँकेतून काढलेल्या पैशाची नोंद आणि सोबत असलेला साक्षीदार उपयोगी पडतो.

दुसरा टप्पा: लेखी नोटीस

थेट तक्रार करायला कायदा आडवा येत नाही, तरीही आधी एक साधे पत्र पाठवणे शहाणपणाचे. त्यात चारच गोष्टी लिहा: कोणती केस, किती पैसे कधी दिले, काय हवे आहे (कागद, हिशेब, ना हरकत किंवा उरलेली फी) आणि किती दिवसांत. शिव्याशाप नकोत, धमकी नको. रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून नोंदणी आणि पोच यांसह स्पीड पोस्ट मागा आणि पावती जपा. हे पत्र तुम्ही स्वतः लिहिले तर खर्च टपालापुरता. बरीच भांडणे येथेच मिटतात, कारण वकिलाला सनदेवर डाग नको असतो. मिटले नाही, तर हेच पत्र तक्रारीचे पहिले जोडपत्र होते.

तिसरा टप्पा: तक्रार अर्ज

वकिलाची नोंदणी ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या परिषदेकडे तक्रार जाते. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांच्यासाठी एकच परिषद आहे: बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र ॲण्ड गोवा. तिचे कार्यालय मुंबईत फोर्टमध्ये उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. तुमचा वकील बेळगावचा आणि सनद कर्नाटकची असेल, तर तक्रार बंगळूरला जाईल. केस कुठे चालली यापेक्षा नाव कोणत्या नोंदवहीत आहे ते महत्त्वाचे.

अर्ज मराठीत चालतो. राज्यभाषेतल्या तक्रारीला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांची मान्यता आहे, आणि प्रकरण पुढे दिल्लीला गेले तर इंग्रजी भाषांतर करण्याची जबाबदारी राज्य परिषदेची आहे. भाषांतरासाठी तुम्ही पैसे मोजण्याचे कारण नाही. अर्जावर सही आणि दिवाणी पद्धतीचे सत्यापन हवे, म्हणजे ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ असे ठिकाण-तारखेसह लिहून सही. परिषदेने ठरवलेले शुल्क भरावे लागते आणि ती सांगेल तितक्या प्रती द्याव्या लागतात. शुल्काचा आकडा आणि भरण्याची पद्धत जुन्या माहितीवरून धरू नका. कार्यालयात विचारूनच रक्कम भरा. शुल्क नसलेली किंवा सही-सत्यापन नसलेली तक्रार त्रुटीत पडते आणि महिने जातात.

अर्ज दोन-तीन पानांत आटोपता येतो. घटना तारखेनुसार, प्रत्येक आरोपासमोर जोडपत्राचा क्रमांक आणि शेवटी एक वाक्य: चौकशी करून कलम ३५खाली कारवाई करावी. ‘वकील समोरच्याला फितूर झाला’ असे लिहायचे असेल तर त्याचा कागद हवा. कागद नसलेला आरोप बाकीच्या खऱ्या आरोपांनाही कमकुवत करतो.

चौथा टप्पा: चौकशी आणि वेळ

वकिलाचे म्हणणे मागवले जाते. त्यानंतर परिषद प्रथमदर्शनी पाहते: गैरवर्तन घडले असे मानायला आधार आहे का? असेल तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तिघांची असते. दोन सदस्य परिषदेचे आणि तिसरा परिषदेबाहेरचा अनुभवी वकील. वकिलाचा न्याय वकीलच करतात, ही सामान्य माणसाची शंका रास्त आहे. परंतु समितीच्या निकालावर बाहेरचा डोळा आहे, कारण शेवटचे अपील सर्वोच्च न्यायालयात जाते.

समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे आणि शपथपत्रावर पुरावा घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. राज्याच्या महाधिवक्त्यालाही नोटीस जाते. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, वकील लावण्याची सक्ती नाही. चौकशीचे ठिकाण समितीचे अध्यक्ष ठरवतात. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून मुंबई गाठणे परवडत नसेल, तर जवळच्या ठिकाणी बैठक व्हावी अशी विनंती पहिल्याच अर्जात लिहा.

कायद्याने मुदत एक वर्षाची आहे. तक्रार मिळाल्यापासून वर्षभरात कार्यवाही संपली नाही, तर कलम ३६-ब प्रमाणे ती आपोआप दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. याचा खिशाशी थेट संबंध आहे: राज्यातली तक्रार रेंगाळली तर पुढचा प्रवास दिल्लीचा. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य परिषदांना बजावले की वर्षात निकाल लावणे हा नियम आहे, दिल्लीला वर्ग होणे हा अपवाद. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तक्रारीची स्थिती लेखी विचारा आणि त्या पत्राची पोच ठेवा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तुम्ही तक्रार मागे घेतली किंवा वकिलाशी तडजोड केली, तरी तेवढ्याच कारणाने कार्यवाही बंद होत नाही. ‘पैसे दिले की तक्रार मागे घेतो’ असा सौदा म्हणूनच करू नका. तो पूर्णपणे तुमच्या हातात नसतो आणि पुढे तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

खर्चाचा हिशेब

कागदावर दिसणारा खर्च थोडा आहे: परिषदेचे शुल्क, झेरॉक्स, टपाल, कोर्टातल्या कागदांच्या प्रमाणित प्रती आणि लागल्यास नोटरी. खरा खर्च तारखांचा. समजा, तुमचा दिवसाचा रोज ८०० रुपये आणि जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च ७०० रुपये. एका तारखेला १,५०० रुपये झाले. सहा तारखा म्हणजे ९,००० रुपये. सोबत साक्षीदार न्यावा लागला तर त्या दिवसांचा आकडा दुप्पट. दिल्लीची एक तारीख रेल्वे, मुक्काम आणि दोन-तीन दिवसांचा बुडालेला रोज धरून मांडा. तुमच्या हाती आलेला आकडा अडकलेल्या फीपेक्षा मोठा असेल, तर तक्रार तत्त्वासाठी करत आहात हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

वकील लावायचा झाला तर त्याची फी वेगळी. आपल्याच तालुक्यातल्या बारमधला वकील सहकाऱ्याविरुद्ध उभा राहायला कचरतो. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातला पाहावा. मोफत कायदेशीर मदतीचाही पर्याय आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे.

शिक्षा खरोखर किती होते?

अपेक्षा जमिनीवर ठेवायला काही निकाल उपयोगी पडतात. मद्रासच्या एका वकिलाने वचनचिठ्ठ्यांवरचे दावे दाखल न करताच दाखल केल्याचे पक्षकारांना सांगितले. राज्य समितीने सहा वर्षांचे निलंबन दिले, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते एका वर्षावर आणले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यातला काही काळ मोफत कायदेशीर मदतीच्या कामात घालवण्याची मुभा दिली. हे रंगादुराई प्रकरण १९७०च्या दशकाच्या अखेरीचे. पक्षकाराची वादातली मालमत्ता स्वतः विकत घेणाऱ्या दिल्लीच्या वकिलाचे एक वर्षाचे निलंबन १९९७ साली कायम राहिले.

भोपाळच्या एका वकिलाने सहकारी बँकेच्या फाइली ९७,१०० रुपयांच्या फीसाठी अडवून ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट सांगितले की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा ताबाहक्क नसतो. फी वसूल करायला त्याने वेगळा मार्ग धरावा. मात्र हा मुद्दा तोवर संदिग्ध होता म्हणून अठरा महिन्यांच्या बंदीऐवजी फक्त ताकीद दिली गेली. आता ती संदिग्धता उरलेली नाही, म्हणून कागद अडवणाऱ्या वकिलाला लिहिताना या निकालाचा, आर. डी. सक्सेना प्रकरणाचा, उल्लेख जरूर करा.

मुंबईचा दाखला दाभोळकर प्रकरणाचा. एस्प्लनेडच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या आवारात येणाऱ्या लोकांवर झडप घालून केसेस ओढण्याचा आरोप काही वकिलांवर होता. १९७०च्या दशकात ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात तक्रारदार पक्षकार नव्हता, महाराष्ट्र बार कौन्सिलने स्वतःहून कारवाई सुरू केली होती. परिषद ठरवेल तर काय करू शकते, ते यावरून कळते.

एक गैरसमजही दूर व्हावा. सनद निलंबित करण्याचे काम परिषदेचे आहे. न्यायाधीशाने अवमान प्रकरणात सनदच काढून घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्वतःच्याच अधिकाराबाहेरचे मानले. आपल्या न्यायालयात एखाद्या वकिलाला उभे राहण्यास बंदी घालणे मात्र न्यायालय करू शकते.

निकाल मान्य नसेल तर कळल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि त्यापुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तक्रार फेटाळली गेली तर हा हक्क तुम्हालाही आहे. अपील केले म्हणून निलंबन आपोआप थांबत नाही. त्यासाठी वकिलाला वेगळी स्थगिती मिळवावी लागते.

खोट्या तक्रारीची किंमत

सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या दोन तक्रारी निकालात काढल्या. दोन्हींत वकील तक्रारदाराचा नव्हता, समोरच्या बाजूचा होता. एका प्रकरणात कारण न देता चौकशी लावल्याबद्दल खुद्द राज्य परिषदेला ५०,००० रुपये खर्च भरावा लागला. दुसऱ्यात तेवढीच रक्कम तक्रारदाराच्या माथी बसली. पक्षकाराच्या शपथपत्रावर ओळख पटवण्याची सही केली, म्हणून त्यातल्या मजकुराची जबाबदारी वकिलावर येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. रागाच्या भरात केलेली तक्रार मूळ भांडणापेक्षा महाग पडू शकते. समाजमाध्यमांवर वकिलाचे नाव घेऊन लिहू नका. अब्रुनुकसानीचा दावा मागे लागला तर आगीतून फुफाट्यात पडाल.

पैसे परत हवे असतील तर

रक्कम लहान असेल तर दाव्याआधी लोकअदालतीचा विचार करा. दावापूर्व प्रकरण तेथे कोर्ट फी न भरता ठेवता येते, आणि दोघांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. वकील तयार नसेल तर दिवाणी दावा. तेथे कोर्ट फी मागणीच्या रकमेनुसार वाढते, म्हणून ‘मानसिक त्रासाचे दहा लाख’ असा आकडा टाकण्याआधी त्यावरची कोर्ट फी विचारून घ्या. संपामुळे वकील गैरहजर राहिला आणि त्यामुळे तुमच्यावर खर्चाचा आदेश झाला असेल, तर तो वकिलाकडून वसूल करता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे.

चालू केस आधी वाचवा

तक्रारीच्या धांदलीत मूळ केसची तारीख चुकली, तर नुकसान तुमचेच. नवा वकील नेमायला जुन्याची ‘ना हरकत’ मागण्याची पद्धत आहे, पण ती मिळाली नाही म्हणून दार बंद होत नाही. तुमच्या सहीचा अर्ज देऊन, न्यायालयाच्या परवानगीने जुने वकीलपत्र संपवता येते. वकिलाची सनद निलंबित झाली, तर त्या काळात त्याला देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभे राहता येत नाही. अशा वेळी पुढच्या तारखेला स्वतः हजर राहा, कारण सांगून मुदत मागा आणि नवे वकीलपत्र दाखल करा.

पुढच्या वेळी वकील लावताना

- फी कशाकशाची, ते लिहून घ्या: दावा दाखल करण्याची, दर तारखेची, युक्तिवादाची. कोर्ट फी आणि टंकलेखन वेगळे दाखवा.
- पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि पावती मागा.
- तुम्ही व्यवसायासाठी नव्हे तर खासगी कामासाठी वैयक्तिक वकील लावला असेल, तर त्याच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलात तो लावला असेल तर विचारा.
- मूळ दस्त देऊ नका. दाखवा आणि प्रती द्या. मूळ द्यावेच लागले तर यादीवर सही घ्या.
- कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका.
- सीएनआर क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि तारीख स्वतः पाहत जा.

थोडक्यात सल्ला असा. पैसे अडकले असतील तर नोटीस, लोकअदालत आणि दावा या क्रमाने जा आणि तीन वर्षांची मुदत चुकवू नका. पैशाचा अपहार किंवा खोटे कागद असतील तर पोलिसांकडे उशीर न करता जा. बार कौन्सिलची तक्रार या दोन्हींच्या बदल्यात नव्हे, त्यांच्या जोडीला करा. त्या तक्रारीतून तुमच्या हाती रुपया येण्याची आशा धरू नका, पण पुरावा भक्कम असेल तर ती जरूर करा. तुम्ही गप्प बसलात तर त्याच वकिलाकडे उद्या दुसरा पक्षकार जाईल, आणि परिषदेच्या नोंदीत त्या वकिलाविरुद्ध एक ओळही नसेल.